एकाच दिवशी, एकाच खोलीत: खासदार हाताचा आणि आमदार सहाच्या सहा महायुतीचे. नांदेडात झालं काय?

गोदाकाठ
२५ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

शनिवारी निकाल लागल्यापासून डोक्यात भुंगा आहे. राज्यात महायुतीच्या २३० जागा आल्या त्यावर इथे तीन धागे पेटलेत, तिथे मी पडत नाही. माझा प्रश्न आमच्या नांदेडपुरता. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले, म्हणून २० नोव्हेंबरला आमच्याकडे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. लोकसभेला वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण काँग्रेसकडून अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. आणि त्याच लोकसभेखाली येणारे भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड हे सहाही विधानसभा मतदारसंघ महायुतीने घेतले. चार भाजप, दोन शिंदेंची शिवसेना. काँग्रेसचा एक आमदार नाही.

लोकसभेला एक आणि सहा महिन्यांनी विधानसभेला दुसरं, हे समजू शकतं. मधल्या काळात लाडकी बहीण आली, जरांगेंनी उमेदवार उभे न करण्याचं ठरवलं, बरंच घडलं. पण इथे मध्ये काही घडायला वेळच नव्हता. दोन यंत्रांमध्ये चार पावलांचं अंतर होतं.

ते अंतर मी दिवसभर बघत होतो, कारण मी ड्यूटीवर होतो (शिक्षक आहे, वेगळं सांगायला नको). पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान (यंत्र तपासायला घेतलेलं लुटुपुटीचं मतदान), तेही दोनदा, प्रत्येक यंत्रावर किमान ५० मतं. एका खोलीत दोन कप्पे, दोन कंट्रोल युनिट, दोन व्हीव्हीपॅट. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. पहिल्या दोन तासांत कळलं की खरं काम लोकांना दुसऱ्या कप्प्याकडे वळवणं हेच आहे. पहिलं बटण दाबून शिट्टी वाजली की माणूस थेट दाराकडे. एक आजी तर चप्पल घालून पायरीवर पोचल्या होत्या. "आजी, अजून एक राहिलं." त्या म्हणाल्या, "आता आनिक कशाला? एकदा दाबलं की बाबा." मी म्हटलं, ते दिल्लीचं झालं, हे मुंबईचं. त्यांनी चप्पल काढली, परत आल्या, आणि दुसऱ्या कप्प्यात पहिल्यापेक्षा जास्त वेळ लावला. कुणाला दिलं ते देवाला ठाऊक. पण वेळ जास्त लावला एवढं मी पाहिलं.

निकालानंतर बसस्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले, नायगाव भागातले, साठीचे. त्यांनी आपणहून सांगितलं. "वसंतराव गेले तवा मी पुण्याला पोराकडं होतो, मातीला जाता आलं नाही. म्हणलं एक मत त्यांच्या लेकराला. मातीला जाऊन आल्यासारखं होतं." मी विचारलं, आणि आमदारकीला? "ते येगळं. ते रोजच्या कामाचं हाय." इतक्या सहज बोलले की पुढचा प्रश्न सुचला नाही.

तर माझं मत असं की ह्या माणसाने पक्षाची रेषा ओलांडलीच नाही. त्याच्या लेखी तिथे रेषा नव्हतीच, दोन वेगळी कामं होती. तुमच्याकडे असे अनुभव आहेत का?

---

शून्यप्रहर
२५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वाचतोय. आजी आवडल्या.

---

तिखट_शेव
२५ नोव्हेंबर, रात्री १०:३२

एवढं कशाला डोकं लावताय गुरुजी? मशीन. विषय संपला.

---

गोदाकाठ
२५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मशीनवाल्यांना सहा आमदार आणता आले आणि १,४५७ मतं तेवढी कमी पडली, असं का? संशयासाठी वेगळा धागा आहे, तिथे या. इथे नको, विनंती.

---

त्रैराशिक
२५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

गोदाकाठ सर, धागा छान, पण निष्कर्षाची घाई नको. सहा आमदार एका बाजूचे आणि खासदार दुसऱ्या बाजूचा, एवढ्यावरून "लोकांनी मतं फोडली" हे सिद्ध होत नाही.

समजा, एका विधानसभेत दोन लाख मतं पडली. लोकसभेला दोघांतच लढत झाली: हाताला १ लाख १ हजार, कमळाला ९९ हजार. विधानसभेला कमळवाल्याला तेच ९९ हजार. त्यातलं एकही इकडेतिकडे गेलं नाही. पण समोरची १ लाख १ हजार मतं काँग्रेस, वंचित, एखादा बंडखोर आणि दोन अपक्ष यांच्यात वाटली गेली, तर महायुती आरामात निवडून येते. सहाही ठिकाणी तसंच झालं तर सहा-शून्य. कमळाच्या एकाही मतदाराने हात दाबलेला नाही, तरी निकाल तुमच्या शीर्षकासारखाच. जागा मोजून मतदाराच्या मनात शिरता येत नाही. उमेदवारांची संख्या, बंडखोरी आणि मग उरलं तर मन, असा क्रम हवा.

उलटही होऊ शकतं. दोन्हीकडे आकडे अगदी सारखे दिसतात आणि आत दहा हजार इकडचे तिकडे, दहा हजार तिकडचे इकडे गेलेले असतात. बेरजेत ते दिसतच नाहीत.

एक मात्र तुमच्या बाजूने मान्य. भोकरमध्ये अशोक चव्हाणांच्या कन्या, भाजपच्या श्रीजया चव्हाण पन्नास हजारांवर मताधिक्याने आल्या. वर काँग्रेसचा खासदार निवडून येतो त्या लोकसभेत असा एक मतदारसंघ असणं, हे नुसत्या मतविभागणीने पटवायला जड जाईल.

---

कोयनाजळ
२६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

गुरुजी, हे आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच झालंय. सातारा, २१ ऑक्टोबर २०१९. तिथेही विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक. उदयनराजे एप्रिलमध्ये राष्ट्रवादीकडून लाखाच्या वर मताधिक्याने निवडून आले होते. मग राजीनामा, भाजपप्रवेश, ऑक्टोबरात पुन्हा उभे. राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७,७१७ मतांनी पाडलं. मध्ये १८ तारखेची साताऱ्यातली शरद पवारांची पावसातली सभा. मी होतो तिथे. सदरा अजून आहे, त्याला चिखलाचा डाग आहे, आई धुऊन धुऊन दमली.

आता त्याच दिवशीच्या आमदारक्या बघा. वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादी, कराड दक्षिण काँग्रेस, पाटण आणि कोरेगाव शिवसेना, सातारा भाजप. तीनास तीन. आणि खासदारकीचा फरक ८७ हजार!

माझं म्हणणं सरळ आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये माणूस तोच, मतदार तोच. रेषा कुणी ओलांडली? मतदाराने घड्याळ सोडलं नाही. राजेंनी सोडलं. तुमच्या नांदेडातही अशोकराव फेब्रुवारीत काँग्रेसमधून भाजपात गेले आणि एप्रिलच्या मतदानात लोकांनी तरी हातच निवडून दिला, तोही ५९ हजारांवर. तेव्हा "मतदार पक्ष ओलांडतो" म्हणण्याआधी पक्ष कुणी हलवला ते बघावं. आमच्या शेजारी असंच झालेलं, रात्रीत बांध सरकला आणि सकाळी पोलिसांत तक्रार आमच्याच नावाने.

---

त्रैराशिक
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

कोयनाजळ, बांधाचं उदाहरण झकास. पण मग शिवेंद्रराजेंचं काय करायचं? तेही त्याच उन्हाळ्यानंतर राष्ट्रवादीतून भाजपात गेले, त्याच दिवशी उभे राहिले आणि सातारा विधानसभेतून सहज निवडून आले. घराणं तेच, पक्षांतर तेच, दिवस तोच. पक्ष सोडल्याची शिक्षा असेल तर एका भावाला आणि दुसऱ्याला बक्षीस, असं कसं? नांदेडातही देगलूरचे अंतापूरकर २०२१ ला हातावर आणि आता कमळावर, दोन्ही वेळा निवडून.

---

कोयनाजळ
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:५८

त्याचं उत्तर सातारकराला विचारा, दोन वाक्यांत देईल. आमदार गल्लीत भेटतो. एवढंच लिहितो. आमच्याकडे राजघराण्यावर जास्त बोलत नाहीत.

---

जुना_खडू
२६ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

गोदाकाठ, तू ज्या दोन कप्प्यांबद्दल लिहिलंस, तिथे मी १९९९ साली बसलेलो आहे. आता निवृत्त. तेव्हा आमच्या केंद्रावर यंत्र नव्हतं, कागदी मतपत्रिका, बाणफुलीचा शिक्का आणि दोन पेट्या. पांढरी आणि गुलाबी तेव्हाही होतीच. गुलाबी कागद पांढऱ्या पेटीत जाऊ नये म्हणून पेटीजवळ एक माणूस केवळ ओरडायला बसवला होता. तो मी.

तरुण मंडळींना ती निवडणूक माहीत नसेल, म्हणून सांगतो. एप्रिल ९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं. मे ते जुलै कारगिल. जूनमध्ये पवारांनी राष्ट्रवादी काढली. आमच्या विधानसभेची मुदत खरं म्हणजे २००० च्या सुरुवातीपर्यंत होती, पण अटलजींच्या वाऱ्यावर राज्यही निघेल म्हणून युतीने सहा महिने आधीच विधानसभा लोकसभेबरोबर घेतली. लोकसभेला युतीच्या ४८ पैकी २८ जागा आल्या, शिवसेना १५, भाजप १३. विधानसभेला २८८ पैकी १२५ वर थांबले. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, ते निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र बसले. विलासराव मुख्यमंत्री झाले. घोड्यावर बसायला गेले आणि घोडा राहिला दिल्लीत.

त्रैराशिक, तुझ्यासाठी टक्केही देतो, नाहीतर झोपू देणार नाहीस. युतीची मतं मिळून लोकसभेला ३८ टक्के, विधानसभेला ३२ च्या आसपास. नुसत्या भाजपचे आकडे घेऊ नकोस (२१ आणि साडेचौदा), ते फसवे आहेत. लोकसभेला भाजप निम्म्याहून जास्त जागा लढवत असे आणि विधानसभेला सेना जास्त. दोघांची बेरीजच घ्यावी लागते. राज्यभर त्याच रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांमधल्या शंभरातल्या सहांनी वर युती आणि खाली दुसरं काहीतरी केलं.

---

त्रैराशिक
२६ नोव्हेंबर, दुपारी १२:५१

काका, साष्टांग. "किमान सहांनी" असं दुरुस्त करतो. उलट दिशेने गेलेले असतील तर ते यात झाकले गेलेत.

---

कुंदा_आणि_करदंट
२६ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

बेळगावातून. आमचं तर लहानपणच यात गेलं. घरात ठरलेलं: विधानसभेला समिती (महाराष्ट्र एकीकरण समिती), लोकसभेला दिल्लीचा पक्ष. आजोबांना विचारलं तर म्हणायचे, सीमाप्रश्न हा आपला प्रश्न, दिल्लीत सरकार कोण बनवणार हा देशाचा. त्यांना त्यात विसंगती दिसायची नाही आणि आम्हालाही दिसली नाही.

पण हे कायम टिकत नाही, हेही आम्हीच पाहिलं. वर एकाला देता देता खालीही तोच हात जायला लागतो. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. आणि मजा बघा, मध्ये २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीचा तरुण उमेदवार उभा राहिला तर त्याला १ लाख १७ हजार मतं! जिथे आम्ही कधी समितीला देत नव्हतो तिथे दिली, आणि जिथे द्यायचो तिथे थांबलो. आजोबा असते तर कपाळावर हात मारला असता.

याच राज्यातलं एक जुनं. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेत कर्नाटकात काँग्रेसला २८ पैकी २४. रामकृष्ण हेगडे जनता पक्षाचे मुख्यमंत्री, त्यांनी लोकांचा विश्वास गेला म्हणून राजीनामा दिला आणि नव्याने निवडणूक घेतली. मार्च ८५ ला त्याच लोकांनी जनता पक्षाला १३९ जागा दिल्या. मध्ये दोन-अडीच महिने. बाबा अजून सांगतात, तेव्हा हेगडेंना काढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. डिसेंबरातलं मत इंदिराबाई गेल्या त्याचं होतं. गोदाकाठांच्या त्या गृहस्थांचं "मातीला जाऊन आलो" वाचलं आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तेच ते. अगदी तेच."

---

चैत्रपालवी
२६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. "मतदार" म्हणताना तुम्ही एकटा माणूस धरताय. आमच्याकडे (लातूर जिल्हा, गाव सांगत नाही) मत घरात असतं. आमच्या घरात सात मतं. थोरले दीर एका गटाचे, धाकटे दुसऱ्या गटाचे. भांडण नाही, ठरवून. सोसायटीत एक, बाजार समितीत दुसरा. कुणीही आलं तरी घराचं काम अडत नाही. पाहुणे विचारतात तुमचं घर कुणाचं, तर सासूबाई म्हणतात, "आमचं घर आमचंच."

आणि बायकांचं म्हणाल तर दीड हजारांनी मत विकत घेतलं असं जे इथे दुसऱ्या धाग्यावर लिहिताहेत, त्यांनी एकदा बँकेच्या रांगेत उभं राहावं. माझ्या जावेच्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने, कुणाला न विचारता आलेले ते पहिले पैसे. तिने काय घेतलं? कुकरची रिंग, मुलीचं दप्तर आणि उरलेले ठेवले. ती त्याबद्दल एक मत देते, तर तो तिचा व्यवहार आहे. लोकसभेला तिनेच कांद्याच्या भावावरून उलट मत दिलं होतं. तेव्हा तुम्हीच तिला हुशार म्हणालात.

---

शून्यप्रहर
२६ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०२

चैत्रपालवीताई, शेवटची ओळ लागली. मीच लिहिलं होतं ते, जूनमध्ये.

---

महानदी_किनारी
२६ नोव्हेंबर, रात्री ८:२०

नोकरीनिमित्त नऊ वर्षं भुवनेश्वरला. इथे लोकसभा-विधानसभा एकत्रच होतात आणि वेगळं मत देणं हा जणू रिवाज आहे, होता म्हणू. २०१९ ला बिजू जनता दलाला विधानसभेत ११२ जागा, पण लोकसभेत २१ पैकी १२. भाजपला लोकसभेला ३८ टक्के, विधानसभेला साडेबत्तीस. इथेही सहाच टक्के, जुना_खडू काका! आमच्या कॉलनीतला भाजीवाला सांगायचा: दिल्लीला मोदी, इथे नवीनबाबू (बिजू जनता दलाचे नवीन पटनाईक). त्यात त्याला काही खास वाटत नव्हतं.

यंदा ते मोडलं. लोकसभेला भाजप २०, काँग्रेस १, बीजेडी शून्य. विधानसभेला भाजप ७८, बीजेडी ५१. पण त्यातही गंमत अशी की विधानसभेची मतं मोजली तर बीजेडीला भाजपपेक्षा किंचित जास्तच पडली आहेत, दोघेही ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वेगळं मत देणारे संपलेले नाहीत, पुरेसे उरले नाहीत एवढंच. स्वतः नवीनबाबू हिंजिलीत जिंकले आणि कांटाबांजीत हरले. भाजीवाल्याला विचारलं, यंदा काय केलं? हसला आणि वांगी तोलली.

---

शून्यप्रहर
२६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

यावरून सुचलं. कोविंद समितीचा अहवाल मार्चमध्ये आलाय, एक देश एक निवडणूक. विरोधकांचं म्हणणं की एकत्र घेतल्या तर लोक दोन्हीकडे एकच बटण दाबतात, प्रादेशिक पक्ष मरतील. आयडीएफसी इन्स्टिट्यूटचा २०१५ चा अभ्यास नेहमी दाखवतात, एकत्र निवडणुकीत ७७ टक्के शक्यता की निकाल दोन्हीकडे एकाच पक्षाचा. आणि इथे नांदेड, सातारा, १९९९. मग खरं काय?

---

त्रैराशिक
२६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

दोन्ही. शंभरात ७७ ठिकाणी तसं होत असेल तर २३ ठिकाणी होत नाही आणि ह्या धाग्यावर आपण फक्त ते २३ वाले गोळा करतोय. रस्त्यावर अपघात बघून गाड्या मोजल्यासारखं.

---

कॅरीचा_कैरी
२६ नोव्हेंबर, रात्री ११:४८

नॉर्थ कॅरोलायनातून, तीन आठवड्यांपूर्वीचं ताजं. इथे राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प साधारण तीन टक्क्यांनी जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नर डेमोक्रॅट, जॉश स्टाइन, जवळपास पंधरा टक्क्यांनी. समोरच्या रिपब्लिकन उमेदवाराची जुनी प्रकरणं बाहेर आली होती. पूर्वी इथे एकाच खुणेत अख्खा पक्ष निवडायची सोय होती, २०१४ पासून ती गेली. आता राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशांपर्यंत प्रत्येक गोल वेगळा काळा करावा लागतो. मी पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा अर्धी नावं माहीत नव्हती. बाबांना फोन करून विचारावंसं वाटलं, ते तिकडे प्रभागातल्या चारही जणांची कुंडली सांगतात.

---

शनवार_पेठी
२७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

प्रभागाचं निघालंच आहे तर. पुण्यात २०१७ ला चार-चारचा प्रभाग. अ, ब, क, ड, चार रंग: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. चारही मतं दिल्याशिवाय यंत्र शिट्टी मारत नाही. पक्ष "पॅनल टू पॅनल" म्हणून घसा कोरडा करतात आणि लोक अ ला कामाचा माणूस, ब ला शेजारची वहिनी, क ला पक्ष, आणि ड पर्यंत येईस्तोवर कंटाळून पहिलं जे दिसेल ते. क्रॉस व्होटिंगचं हेही एक कारण लिहून ठेवा: कंटाळा. तुमच्या आजी निदान परत तरी आल्या.

---

रात्रपाळी
२७ नोव्हेंबर, पहाटे म्हणा किंवा सकाळी म्हणा, आत्ताच घरी आलो

सगळं वाचलं. सगळे शहाणे आहात, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून बूथवर काम करणारा माणूस लिहितो. पक्ष, जिल्हा काही सांगणार नाही.

क्रॉस मतदार करतो, बरोबर. पण करवून कोण घेतं? आमच्या भाषेत लोकसभा म्हणजे वरचं आणि विधानसभा म्हणजे खालचं. खालच्या उमेदवाराला स्वतःची सीट काढायची असते. तो मतदाराच्या ओट्यावर बसतो आणि मतदार म्हणतो, साहेब, आम्ही तर समोरच्या पक्षाचे. तो वाद घालत नाही. म्हणतो, "वरचं तुम्हाला वाटेल तिकडं टाका. खालचं तेवढं मला द्या." झालं. एका वाक्यात त्याने स्वतःचं मत मिळवलं आणि वरच्या उमेदवाराचं घालवलं. समोरच्या पक्षाचा खालचा उमेदवारही पलीकडच्या वाडीत तेच वाक्य म्हणत असतो. निकालानंतर दोघेही म्हणतात, मतदार सुज्ञ आहे.

माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो. मतदानाच्या आदल्या दिवशी डमी मतपत्रिका येतात, घरोघर वाटायला. त्या खऱ्या मतपत्रिकेच्या रंगाच्या छापता येत नाहीत, म्हणून पिवळट-करड्या असतात. एकदा एकत्र निवडणुकीत आमच्याकडे दोन गठ्ठे आले, वरचा आणि खालचा. खालचा संध्याकाळी पाचपर्यंत संपला, पुन्हा मागवला. वरचा सुतळीसकट तसाच. कुणीही "वाटू नका" म्हणालं नाही. फक्त कुणी वाटला नाही. नंतर पावसात आमच्या पोरांनी तो जीपच्या चाकाखाली टाकला, चिखलातून गाडी काढायला.

---

कोयनाजळ
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

सुतळीसकट!! _/\_

---

जुना_खडू
२७ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

रात्रपाळी, ९९ साली हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, फक्त तेव्हा उमेदवार सायकलवरून आला होता.

---

चैत्रपालवी
२७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

आमच्या ओट्यावर तर दोघेही येऊन गेले, वेगवेगळ्या दिराच्या नावाने. चहा मी केला. मला कुणीच विचारलं नाही वर कुणाला आणि खाली कुणाला.

---

गोदाकाठ
२७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

शाळा, मग केंद्राचं राहिलेलं कागदपत्र, आत्ता बसलो. सगळ्यांचे आभार.

रात्रपाळी, तुमचं वाचून दिवसभर अस्वस्थ होतो. मातीला जाऊन आलेले ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते, हे मी पैजेवर सांगतो. पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कोण येऊन बसलं होतं, हे मी विचारलं नाही. कदाचित दुःख त्यांचं होतं आणि परवानगी दुसऱ्या कुणाची. कोयनाजळ, तुमचा बांध सरकल्याचा मुद्दाही मला निम्मा पटतो. भोकरला तो पटत नाही, तिथे घराणं गेलं तिकडे मतंही गेली.

एक राहिलं होतं, ते सांगतो. संध्याकाळी सहानंतर क्लोज बटण दाबून टोटल घेतली तर आमच्या केंद्रावर दोन यंत्रांत तीन मतांचा फरक निघाला. लोकसभेला तीन जास्त. म्हणजे आजींसारख्या आणखी तिघांना आम्ही दारात गाठू शकलो नाही. केंद्राध्यक्षांच्या दैनंदिनीत तशी नोंद केली, झोनल अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलं, सही झाली रात्री अकराला. १,४५७ चा फरक ऐकला तेव्हा पहिल्यांदा ते तीन आठवले. प्रत्येक केंद्रावर तीन धरले तर काय होईल, त्रैराशिक?

---

त्रैराशिक
२७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

असं धरायचं नसतं सर, एका केंद्रावरून. :) पण प्रश्न चांगला आहे आणि तो मोजता येतो. फॉर्म २० निघाला की केंद्रनिहाय आकडे मिळतील, लोकसभेचे वेगळे आणि सहा विधानसभांचे वेगळे. केंद्र क्रमांक दोन्हीकडे तेच. शेजारी शेजारी मांडायचे: वरची एकूण, खालची एकूण, कमळ किंवा धनुष्यबाण वर किती खाली किती, हात किंवा त्यांच्या आघाडीचा उमेदवार वर किती खाली किती. जिथे खाली बंडखोर नाही, वंचित नगण्य, अशी केंद्रं आधी वेगळी काढायची. तिथेही फरक राहिला तर तुमचे गृहस्थ खरे. राहिला नाही तर माझं गणित.

---

गोदाकाठ
२७ नोव्हेंबर, रात्री ९:४६

चालेल. पीडीएफ स्कॅन केलेली असते हो, आकडे हाताने टंकावे लागतील. नायगाव आणि मुखेड मी घेतो. भोकर कोण घेतंय?

---

चैत्रपालवी
२७ नोव्हेंबर, रात्री ९:५८

भोकर माझ्याकडे द्या. रात्री सगळे झोपल्यावर बसेन.

---

शनवार_पेठी
२७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

देगलूर. कंटाळा आला तर मधेच सोडेन, आधीच सांगतो.